केशरोपण : घाई नको, हिशेब हवा



कुटुंबाच्या पानावर आपण मुलांच्या परीक्षा, बायकांचे आरोग्य, घरकर्जाचे व्याज, म्हाताऱ्यांचा रक्तदाब अशा विषयांवर नेहमी वाचतो. टक्कल या विषयावर मात्र कोणी लिहीत नाही. तो विषय निघाला की लोक हसतात. ज्याच्या डोक्यावर केस नाहीत तोही त्यांच्याबरोबर हसतो, कारण रागावला तर आणखी हसतील. मला स्वतःला बत्तिसाव्या वर्षीच टक्कल पडले. मी कारकून माणूस, नोकरी लागलेली, लग्न झालेले. त्यामुळे मला त्याचे काही वाटले नाही. पण तेविसाव्या वर्षी, लग्नाच्या आधी, ज्याचे केस जातात त्याचे दुःख वेगळे असते. ते मी माझ्या भाच्याच्या रूपाने जवळून पाहिले आहे. त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

माझी थोरली बहीण अंगणवाडी सेविका आहे. भाऊजी लवकर गेले. मुलगा आणि मुलगी दोघांनाही तिने मानधनावर आणि शिवणकामावर वाढवले. भाचा शिकून बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागला. २०१९ साली तो तेवीस वर्षांचा होता. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे हटले होते आणि भोवऱ्यापाशी कातडी दिसू लागली होती. कारखान्यात त्याचे नाव बदलून 'टकल्या' झाले होते. लग्नाकार्याला जायचे तो टाळायचा आणि गेलाच तर डोक्यावरची टोपी काढायचा नाही. एका ठिकाणी मुलगी पाहायला गेले तेव्हा मुलीच्या मामांनी चारचौघांत टोपी काढायला सांगितले. पुढे तिकडून निरोप आला नाही. तेव्हापासून त्याने आईशी बोलणे कमी केले.

एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, केस बसवून घेतो. कर्ज मिळते आहे. तुम्ही फक्त जामीनदार म्हणून सही करा." मी म्हटले, "सही करतो, पण आधी मला ते ठिकाण दाखव."

काचेचे दार आणि पांढरा कोट

आम्ही दोघे शहरातल्या एका केंद्रात गेलो. काचेचे दार, थंड हवा, भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी भाच्याला खुर्चीत बसवले आणि दोन मिनिटांत स्केचपेनने कपाळावर रेषा आखली. ती रेषा शाळकरी पोराच्या केसांसारखी खाली, भुवयांच्या जवळ होती. "चार हजार लागतील, पॅकेज पंच्याऐंशी हजारांचे, सवलत आज संध्याकाळपर्यंतच," असे त्या म्हणाल्या. मी तीन प्रश्न विचारले. आपण डॉक्टर आहात का? शस्त्रक्रिया कोण करणार? चार हजार म्हणजे चार हजार केस की चार हजार ग्राफ्ट? पहिल्याचे उत्तर "मी समुपदेशक आहे" असे आले. दुसऱ्याचे "आमची टीम करते" असे आले. तिसऱ्याचे उत्तर आलेच नाही.

मग मी हप्त्याचा कागद मागून घेतला. बी.कॉम. झालेल्या माणसाला एवढे तरी करता आलेच पाहिजे. 'शून्य टक्के व्याज' असे वर ठळक छापले होते. खाली हप्ता होता ४,२५० रुपये आणि महिने चोवीस. गुणाकार केला तर १,०२,००० होतात. म्हणजे पंच्याऐंशी हजारांवर सतरा हजार जास्त. हे व्याज नसेल तर काय, असे विचारल्यावर "कर आणि प्रक्रिया शुल्क" असे सांगण्यात आले. त्यातला कराचा भाग खोटा नव्हता. वैद्यकीय उपचारांना जीएसटीतून जी सूट आहे ती केशरोपणाला मिळत नाही. जन्मजात व्यंग, भाजणे किंवा अपघात यांमुळे गेलेले रूप परत आणायचे असेल तरच ती सूट मिळते. आरोग्य विम्यातही सौंदर्यासाठीचा खर्च साधारणपणे बसत नाही. पण हे सारे दारात सांगायचे, सहीच्या वेळी नाही.

मी सही केली नाही. भाचा रस्ताभर माझ्याशी बोलला नाही. घरी आल्यावर एवढेच म्हणाला, "मामा, तुम्हाला फरक पडत नाही, म्हणून दुसऱ्यालाही पडत नाही असं समजू नका." त्याचे म्हणणे रास्त होते. म्हणूनच विषय तिथे सोडून देता येणार नव्हता.

आधी रोग ओळखा, मग उपाय

दुसऱ्या आठवड्यात आम्ही सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागाचा केसपेपर काढला. रांगेत अडीच तास गेले, पण डॉक्टरांनी पंधरा मिनिटे नीट दिली. भिंग लावून डोके पाहिले, घरात कोणाकोणाला टक्कल आहे ते विचारले, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला सांगितले. त्यांनी जे समजावले ते सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

केस गळण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येकावर केशरोपण हा उपाय नाही. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे हे नैसर्गिक आहे. टायफॉईड, डेंग्यू, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा मनावरचा आघात यानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात. हे गळणे तात्पुरते असते, बहुतेकांचे केस सहा-आठ महिन्यांत परत येतात. रक्त कमी असणे आणि थायरॉईड बिघडणे यांनीही केस जातात. आपल्या आयाबहिणींत हे कारण फार आढळते आणि त्यावर औषध आहे. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो त्याला आपण चाई म्हणतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते. तिथे नवे केस लावले तर त्यांचीही तीच गत होऊ शकते. लहान मुलांच्या डोक्यात बुरशीनेही चट्टे पडतात. मुलींच्या वेण्या रोज घट्ट ओढून बांधल्या तर कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात.

भाच्याचे टक्कल मात्र आनुवंशिक होते. पुरुषी संप्रेरकापासून डीएचटी नावाचा पदार्थ तयार होतो. ज्यांच्या मुळांना तो सोसत नाही त्यांचे पुढचे आणि भोवऱ्याचे केस दरवेळी अधिक बारीक, अधिक आखूड येतात आणि शेवटी येईनासे होतात. कानांवरचे आणि मानेवरचे केस मात्र त्याला दाद देत नाहीत, म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाच्याही मागे केसांची पट्टी राहते. "मामाचं डोकं भाच्याला मिळतं म्हणतात ते खरं का?" असे ताईने विचारले. डॉक्टर हसून म्हणाले, थोडे खरे आहे. यातला एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो. पण वडिलांकडचे जनुकही असतात, त्यामुळे सगळा दोष मामावर घालू नका.

मग त्यांनी भाच्याला स्पष्ट सांगितले की तेविसाव्या वर्षी शस्त्रक्रिया नको. टक्कल अजून पुढे सरकत होते. आज पुढच्या रांगेत केस लावले आणि पाच वर्षांनी त्यांच्या मागचे मूळचे केस गेले, तर कपाळावर केसांचे बेट उरते आणि मध्ये मोकळे मैदान. आधी औषधाने गळणे थांबते का ते पाहायचे, टकलाचा आकार स्थिर होऊ द्यायचा, मग ठरवायचे.

औषधे दोन. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, म्हणून त्याचे डोक्याला लावायचे द्रावण झाले. अमेरिकेत त्याला १९८८ साली परवानगी मिळाली. दुसरे फिनास्टेराइड ही गोळी, तिला केसांसाठी तिथे १९९७ साली परवानगी मिळाली. दोन्हींचा परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केली की फायदाही हळूहळू जातो. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस अधिक गळतात, त्याला घाबरून पुष्कळजण सोडून देतात. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक इच्छा कमी होणे, मन उदास होणे असे त्रास होतात. तसे झाले तर न लाजता डॉक्टरांना सांगावे. गरोदर स्त्रीने ती गोळी घेऊ नये आणि फुटलेली गोळी हाताळूही नये. शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून ही औषधे घेण्याचा प्रकार आपल्या वस्तीत आहे, तो थांबला पाहिजे.

त्या वर्षी भाच्याने साठवलेले पैसे भाचीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी गेले. ते त्याने स्वतः होऊन दिले. आरशासमोर उभे राहणाऱ्या मुलाला उथळ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

मोजणी कशी करावी

पुढे कोरोनाची साथ आली. २०२१ मध्ये भाच्याला ताप येऊन गेला आणि तीन महिन्यांनी उशीवर केसच केस. तो घाबरला, पण डॉक्टरांनी आधी सांगितलेले आठवून थांबला. पाच-सहा महिन्यांत तेवढे केस परत आले. २०२२ पर्यंत औषधाने भोवऱ्याचा भाग सावरला होता. पुढचा भाग मात्र गेलेलाच होता. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, पगार वाढला होता आणि कर्जाची गरज नव्हती. आता शस्त्रक्रियेचा विचार करायला हरकत नाही असे त्याच डॉक्टरांनी सांगितले.

केशरोपणाचे तत्त्व जुने आहे. जपानमधील डॉ. ओकुडा यांनी १९३९ साली भाजलेल्या जागी केसांसह त्वचेचे छोटे तुकडे लावल्याचे लिहून ठेवले. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी पन्नाशीच्या दशकात पुरुषी टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ साली प्रसिद्ध केला. मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मागचाच गुण टिकवून ठेवतो, हे त्यांनी दाखवले. त्या काळी मोठे गोल तुकडे लावत, त्यामुळे डोके बाहुलीसारखे दिसे. आता एकेक मूळगुच्छ वेगळा करून लावतात. एका गुच्छात एक ते चार केस असतात, सरासरी दोन धरावी. या गुच्छालाच ग्राफ्ट म्हणतात. म्हणून "चार हजार" ऐकले की केस की ग्राफ्ट, हे विचारलेच पाहिजे. चार हजार केस म्हणजे दोनच हजार ग्राफ्ट होतात.

पद्धती मुख्यतः दोन आहेत. एफयूटीमध्ये मागून त्वचेची एक पट्टी काढून टाके घालतात आणि त्या पट्टीतून ग्राफ्ट सोडवतात. मागे एक आडवा व्रण राहतो, तो केस आखूड कापल्यास दिसतो. एफयूईमध्ये एक मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या पोकळ सुईने एकेक ग्राफ्ट काढतात. टाके नसतात, बारीक ठिपके राहतात. व्रण अजिबात राहत नाही असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

ग्राफ्टचा हिशेब घरी करता येतो. समजा मोकळा भाग साठ चौरस सेंटिमीटर आहे आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये पस्तीस ग्राफ्ट लावायचे आहेत, तर २,१०० ग्राफ्ट लागतात. ही दाटी मूळच्या दाटीच्या निम्म्याच्या आसपास असते, पण तेवढी पुरते. निम्मे केस जाईपर्यंत आपल्यालाही टक्कल जाणवत नसतेच. आता खर्चाची दुसरी बाजू पाहा. डोक्याच्या मागच्या भागाचे हे बँकखाते आहे आणि त्यात नवी जमा होत नाही. बहुतेकांच्या मागून आयुष्यभरात साधारण चार ते सहा हजार ग्राफ्टच सुरक्षितपणे काढता येतात. पहिल्याच दिवशी सगळी शिल्लक काढली तर पन्नाशीत भोवरा उघडा पडल्यावर काय करणार? म्हणून कपाळाची रेषा वयाला शोभेल अशी थोडी वर आणि किंचित वेडीवाकडीच ठेवावी. वीस वर्षांच्या पोराची रेषा पन्नाशीच्या चेहऱ्यावर बरी दिसत नाही.

हात कोणाचा आहे ते पाहा

ही शस्त्रक्रिया त्वचेवरची आहे, मेंदूशी तिचा संबंध नाही आणि दृष्टीवरही परिणाम होत नाही. पण म्हणून ती सलूनमधली गोष्ट होत नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत त्यांना नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याचे आणि तीव्र ॲलर्जीचा संशय असल्याचे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले होते. मे २०२५ मध्ये कानपूर येथील दोन अभियंत्यांच्या मृत्यूचे प्रकरण देशभर गाजले. तिथे दंतवैद्यकाने केशरोपण केल्याचा आरोप झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच बजावले आहे की असे उपचार योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावेत, कार्यशाळेत बसून किंवा चित्रफिती पाहून ते शिकता येत नाहीत.

तेव्हा डॉक्टरांची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का, ग्राफ्ट काढणे आणि छिद्रे पाडणे ते स्वतः करणार की सहायक, हे विचारा. ग्राफ्ट बसवण्याला प्रशिक्षित सहायक असतात, त्यात गैर नाही, पण डॉक्टर पूर्णवेळ हजर हवेत. प्राणवायू आणि तातडीची औषधे आहेत का ते पाहा. भुलेच्या औषधाची मात्रा वजनानुसार ठरते आणि तिला मर्यादा असते, म्हणून फार मोठी बैठक एका दिवसात करण्याचा आग्रह धरणाऱ्यापासून दूर राहा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, कोणत्या औषधाची ॲलर्जी, यांतले काहीही लपवू नका. गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नका.

संमतीपत्र घरी आणून वाचा. भाच्याने मराठीत समजावून मागितले आणि डॉक्टरांनी ते दिले. डॉक्टरांचे नाव आणि ग्राफ्टची संख्या असलेले बिल घ्या. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले आहे. पण कागद नसेल तर ग्राहक आयोगाकडे जाऊन काय दाखवणार?

दहा दिवस आणि बारा महिने

भाच्याने डिसेंबर २०२२ ठरवला. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत घाम आणि ऊन या दोन्हींनी जखमेचे हाल होतात. शिवाय त्याला कारखान्यात सुरक्षा हेल्मेट आणि रस्त्यावर गाडीचे हेल्मेट. म्हणून पंधरा दिवसांची रजा आधीच मंजूर करून घेतली आणि कामावर परतल्यावर काही दिवस कार्यालयातले बसून करायचे काम मागून घेतले. आठवडाभर आधी तंबाखू बंद केली, कारण तिने रक्तपुरवठा कमी होतो आणि नवी मुळे जगत नाहीत. दारूचा प्रश्न नव्हता.

सकाळी आठला आम्ही पोचलो. पुढे बटणे असलेला सदरा घालून या असे आधीच सांगितले होते, कारण बनियन किंवा टी-शर्ट डोक्यावरून काढताना ग्राफ्ट निघतात. डोके भादरले, फोटो काढले. भुलेची इंजेक्शने टोचताना दुखले, पुढे दुखले नाही. सकाळी पालथे झोपून ग्राफ्ट काढले, मध्ये जेवण, दुपारी उताणे झोपून बसवले. २,१०० ग्राफ्टला आठ तास लागले. मी बाहेर बाकावर डबा घेऊन बसलो होतो. संध्याकाळी ऑटोने घरी आलो.

पहिले काही दिवस डोके उंच ठेवून, दोन-तीन उशा घेऊन पाठीवरच झोपायचे. दर काही तासांनी सलाइनच्या पाण्याचा हलका फवारा मारायचा. खाजले तरी नख लावायचे नाही. वाकून काही उचलायचे नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईने त्याचा चेहरा पाहिला आणि ती रडायलाच लागली. कपाळ सुजून सूज डोळ्यांवर उतरली होती, एक डोळा उघडत नव्हता. भाचीचे नर्सिंग तोवर पूर्ण झाले होते. ती म्हणाली, "आई, ही सूज अशीच उतरते, आम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय." दोन दिवसांत ती उतरली. मात्र ताप, पू, वाढत जाणारी वेदना, अंगावर गांधी किंवा दम लागणे असे काही दिसले तर वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.

पहिले डोके धुणे दवाखान्यात झाले, पुढचे भाचीने केले. शाम्पूचा फेस हाताने अलगद टेकवायचा, मग्याने हळू पाणी सोडायचे, फवाऱ्याचा जोर लावायचा नाही. दहाव्या दिवसापर्यंत खपल्या मऊ होऊन गेल्या. पहिल्या काही दिवसांत ग्राफ्ट निघाला आणि रक्त आले तर तो गेला असे समजावे. दहा दिवसांनंतर खपलीबरोबर नुसता केस आला तर चिंता नाही, मूळ आत असते. मागची कातडी काही महिने बधिर राहते, तीही हळूहळू पूर्ववत होते.

खरी कसोटी पुढे असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लावलेले केस गळू लागले. महिनाभरात डोके पहिल्यासारखे, किंबहुना त्याहून विरळ दिसू लागले, कारण धक्क्याने आजूबाजूचे काही मूळचे केसही तात्पुरते गळतात. भाचा रात्री अकराला माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मामा, तीन वर्षांचे पैसे पाण्यात गेले." मी त्याला डॉक्टरांनी दिलेला कागद काढून दाखवला. त्यात हे सगळे लिहिलेले होते. केस गळतो, मूळ विश्रांती घेते आणि तीन-चार महिन्यांनी नवा केस फुटतो. तरी तो तीन महिने कॅलेंडरवर खुणा करत होता. चौथ्या महिन्यात लव दिसली. मध्ये काही पुटकुळ्या आल्या, त्या शेकाने आणि औषधाने गेल्या. आठव्या महिन्यात त्याने कंगवा विकत घेतला. बारा महिन्यांनी जे दिसायचे ते दिसले. भोवऱ्यावर केस लावलेल्यांना याहूनही अधिक महिने थांबावे लागते. औषध मात्र त्याला चालूच ठेवावे लागते, कारण लावलेले केस टिकतात, पण मूळचे उरलेले केस सांभाळावेच लागतात.

लोक आता मला नाना प्रश्न विचारतात. भावाचे केस मला लावता येतील का? नाही, शरीर ते स्वीकारत नाही, आपलेच केस लागतात. कृत्रिम धाग्यांचे केस कसे? त्याने जंतुसंसर्ग होतो, अमेरिकेत त्यावर १९८३ पासून बंदी आहे. लावलेले केस पांढरे होतात का? होतात, इतर केसांसारखेच. बायकांना करता येते का? काहींना येते, पण त्यांच्यात केस सगळीकडूनच विरळ होत असतील तर मागचा साठाही कमजोर असतो, म्हणून तपासणी आधी.

आणखी एक प्रश्न आमच्याच एका कार्यकर्त्याने बैठकीत विचारला. "आपल्यापुढे शिक्षणाचे, नोकरीचे प्रश्न आहेत, आणि तुम्ही केसांवर काय बोलता? हा श्रीमंतांचा शौक आहे." मी त्यांना म्हटले, श्रीमंताला फसवले तर त्याचे एक लाख जातात. आपल्या पोराला फसवले तर बहिणीची फी जाते, घराचे पत्रे जातात, जामीनदाराचा पगार जातो. ज्या बाजारात आपली मुले जात आहेत तिथला भाव आणि खोट आपल्याला कळलीच पाहिजे.

भाच्याचे लग्न २०२४ मध्ये झाले. सुनेला त्याने पहिल्याच भेटीत सारे सांगितले होते, जुना फोटोही दाखवला होता. ती म्हणाली, "टोपी घातली असती तरी चाललं असतं, पण खोटं चाललं नसतं." त्याचाच एक सोबती मात्र सरळ डोके भादरून फिरतो आणि मजेत आहे. तोही मार्ग तितकाच चांगला आणि बिनखर्चाचा आहे. कोणता मार्ग घ्यायचा हे ज्याचे डोके त्याने ठरवावे. आपण बाकीच्यांनी एवढेच करावे की स्थळ पाहायला गेल्यावर कोणाला टोपी काढायला लावू नये, आणि आपला मुलगा कर्जाचा कागद घेऊन आला तर न हसता त्याच्याबरोबर एकदा सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे.